गुलछडीचं बेणं

तात्याबांनी कुदळ उचलली आणि फुलावर आलेल्या गुलछडीच्या बुडात घातली. पांढरे दांडे आडवे झाले, अर्धवट उमललेल्या कळ्या मातीत गेल्या. त्यांनी गड्डा उपटला, झटकला, खालचे कंद पाटीत टाकले, दांडे बांधावर भिरकावले आणि पुढच्या गड्ड्याला हात घातला.

शेजारच्या रानात पाणी धरणाऱ्या जयसिंगानं ते पाहिलं आणि फावडं टाकून तो पळतच आला.

"आबा! आवो, काय करताय काय?"

"दिसत न्हाई व्हय तुला?"

"नवरात्र तोंडावर आलंय. फुलावर आलेलं वावर कुणी मोडतं का?"

"मी मोडतो."

"आवो, पर कशापायी?"

"सून घरी यायची हाय."

यावर जयसिंगानं काय बोलावं? सून घरी यायची म्हटल्यावर कुणी घराला रंग देतं, कुणी गोडधोड करतं. हा बाबा उभं पीक उपटत होता. समजूत घालायला जावं, तर अख्ख्या वडगाव रासाईत तात्याबांच्या नादी कुणी लागत नसे. त्यांचं एकदा ठरलं की ठरलं; मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याला बांधावर बसवून ठेवतील आणि आपलं काम आटपूनच त्याच्याशी बोलतील. जयसिंग दांडे गोळा करायला लागला.

"देवाला न्यायचं तर ने," तात्याबा मान वर न करता म्हणाले. "आमच्या घरात आता एक फूल यायचं न्हाई. डाक्टरबाईंनी मला सोत्ताला सांगितलंय, वावर मोडा म्हणून."

हे वावर तसं सारिकाचंच. ती लग्न होऊन आली तेव्हा घरामागच्या या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर निघायची. नदीपलीकडचं राहू गाव तिचं माहेर. तिथून तिच्या आईनं गुलछडीच्या कंदांची एक गोणी पाठवली होती. पुढं आई गेली, पण तिचं बेणं इथं वाढत राहिलं. सारिका पहाटे कमरेला ओटी बांधून फुलं तोडायची. दिवस वर यायच्या आत फुलं गावातल्या सुभानच्या गाडीत भरून पुण्याच्या मार्केट यार्डाकडं निघालेली असायची. खोलीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर पहिल्या सरीतले दांडे हाताला लागत.

याच वावरात तिनं आजारही लपवला. सांधे धरायचे, तोंडावर लाल चट्टे उठायचे, अंगात कणकण असायची. ती दुकानातून एक गोळी आणायची, पाण्याबरोबर घ्यायची आणि फुलं तोडायला जायची. बाईमाणसाचं दुखणं म्हणजे काय, चालायचंच, असं सगळ्यांसारखं तिलाही वाटायचं. पाय सुजून चप्पल चढेना तेव्हा तिचा नवरा ईश्वर कुरकुंभच्या कंपनीतली ड्युटी टाकून तिला पुण्याला घेऊन गेला. ल्युपस, डॉक्टर म्हणाले. रोगाशी लढायचं ते रक्तच स्वतःच्या अंगावर उठलंय, आता मूत्रपिंडं खातंय. मग औषधं झाली, सुयांमधून चढवायची औषधं झाली. गोळ्यांनी तोंड फुगलं, पण आजार काही हटेना.

शेवटी तिथल्या डॉक्टर हर्षदा मॅडमनी एक नवा प्रयोग सांगितला. सारिकाच्याच रक्तातल्या लढवय्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल करायचा, आणि बिघडलेल्या पेशी हुडकून मारायला त्यांना परत तिच्याच अंगात सोडायचं. हे कॅन्सरमध्ये करतात, या आजारात अजून नवीन आहे, खात्री कुणीच देणार नाही, जिवाला धोकाही होऊ शकतो. मॅडमनी काहीही झाकून ठेवलं नाही.

ईश्वरनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तात्याबा बराच वेळ तंबाखू मळत बसले.

"म्हंजी राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावाय लागलंय," ते म्हणाले, "आन् त्याला माराया दुसरं कुत्रं शिकवून सोडायचं."

"तसंच काहीसं, आबा."

"आन् ते दुसरं चावलं तर?"

उत्तर सारिकानं दिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, पाय उशीवर ठेवून.

"चावलं तर चावलं. पर असं कुजत बसायचं न्हाई मला."

तिनं सही केली. पेशी गेल्या, काही आठवड्यांनी परत आल्या. लोकांना वाटतं केवढं मोठं यंत्र असेल. एक छोटीशी पिशवी होती, चहा संपायच्या आत रिकामी झाली. खरं युद्ध त्यानंतर सुरू झालं. ताप असा चढला की सारिकाला खाट कुठं आणि आपण कुठं हे कळेना. ताप येणार हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, तरी ईश्वरच्या तोंडचं पाणी पळालं.

वॉर्डातली शितल नावाची नर्स रोज येऊन तिला कागद द्यायची.

"ताई, एक वाक्य लिहा."

"कसलं?"

"कुठलंही. डोकं ठिकाणावर आहे का ते आम्हाला त्यावरून कळतं. या उपचारात कधी कधी मेंदूलाही सूज येते."

सारिका रोज एकच वाक्य लिहायची. एक दिवस तिचा हात इतका थरथरला की अक्षरं एकमेकांवर चढली. नेमके त्याच दिवशी तात्याबा भेटायला आले होते. आत सोडत नव्हते, म्हणून काचेबाहेर टोपी हातात धरून उभे होते. शितलनं कागद ईश्वरला दाखवला, ईश्वरनं बाहेर येऊन बापाला दाखवला. तात्याबांनी तो वाचला, टोपी डोक्यावर ठेवली, दारात भेटलेल्या हर्षदा मॅडमशी दोन शब्द बोलले आणि एसटी धरून गावी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुदळ काढली.

ताप उतरला. हात स्थिर झाला. शितल एकदा तिची शीर तपासत म्हणाली, "ताई, तुम्ही सगळं सोसता. इथं सोसणाऱ्याला बक्षीस नाही हं. जरा काही वाटलं की बोलायचं. घरी गेल्यावर तर आणखी मोठ्यानं बोलायचं."

दवाखान्याशेजारच्या खोलीत महिनाभर काढल्यावर तिला घरी सोडलं. आजार घटत होता, पण राखण करणाऱ्या पेशीही गेल्या होत्या. नवीन येईपर्यंत साधी सर्दीदेखील महागात पडणार होती. मातीत जायचं नाही, गर्दीत बसायचं नाही, खोलीत ताजी फुलं नकोत, कच्चं खायचं नाही.

सुभानची गाडी गावात वळली तशी सारिका मास्कच्या आत हसली. आता वळण गेलं की आपलं पांढरं वावर दिसेल. वळण गेलं. घराच्या मागं काळी, मोकळी जमीन होती.

तिनं ईश्वरकडं पाहिलं. ईश्वर आपल्या बुटांकडं बघत होता.

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणे आबांना," तो पुटपुटला. "तुला सांगायचा धीर झाला न्हाई."

सारिकानं तोंड काचेकडं फिरवलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हटल्यावर काय बोलणार?

फाटकाशी गावातली माणसं जमली होती. दवाखान्यातून माणूस घरी आलं की भेटायला जायचं, हातात नारळ नाहीतर केळी न्यायची, खाटेपाशी बसायचं, हे न करणाऱ्याला लोक वर्षभर बोलतात. आणि सासू सिंधूबाई तर या कामात गावात पहिली. कुणाचं दुखणं तिनं कधी चुकवलं नव्हतं. आज तीच फाटकात आडवी खाट टाकून बसली होती.

"लांबनंच बघा. हात हालवंल ती तुम्हाला."

"अगं सिंधू, एवढं आलोय तर तोंड तरी—"

"तोंडाला फडकं हाय तिच्या. फडकं काय बघायचंय? केळी ठेव आन् जा. रागवायचं तर माझ्यावर रागाव, मी येते उद्या भांडाया."

सुभानची बायको नूरबी डोक्यावरचा पदर सावरत मागं उभी होती. "आत्याबाई, मी न्हाई येत आत," ती म्हणाली. "हितनंच दुवा करते."

खोली फिनेलनं धुतलेली होती. कोरी चादर, बंद खिडकी, खिडकीला प्लास्टिक. सारिका खाटेवर टेकली. प्रवासानं थकून तिनं डोळे मिटले. आणि पांढऱ्या चादरीवर काहीतरी टपकन पडलं.

मातीचा खडा.

तिनं वर पाहिलं. पोटमाळ्यावर ओळीनं बारदानाच्या गोण्या रचल्या होत्या. एकीच्या फाटक्या कोपऱ्यातून कंद डोकावत होते. तिचा जीव सुपाएवढा झाला. आईचं बेणं! टाकलं नाही, ठेवलंय! तिला वाटलं उठून त्या गोणीला मिठी मारावी.

मग दुसरा खडा पडला, आणि त्याच्याबरोबर कुबट वास आला.

तात्याबा उंबऱ्यापाशी येऊन उभे होते. शाबासकीची वाट बघणारा माणूस लपत नाही. सासऱ्यापुढं सारिका आजवर हूं का चूं बोलली नव्हती. या माणसानं नवरात्रावर आलेलं वावर तिच्यासाठी मोडलं होतं, एकेक कंद हातानं निवडला होता. आता याच्या तोंडावर काय सांगायचं? गप्प बसावं, रात्री ईश्वरच्या कानावर घालावं, असं तिला वाटलं. असंच वाटून वाटून मूत्रपिंडं जायची वेळ आली होती.

"आबा," ती म्हणाली, "ते कंद हितं न्हाई चालायचे."

"का? फुलं कुठं हायत त्याला?"

"माती हाय. आन् कंदाला बुरशी धरती. तीच छातीत गेली तर माझं काही खरं न्हाई."

तात्याबांनी वर पाहिलं. मग चादरीकडं पाहिलं. तोंडात मारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"बेणं आपण तिथंच ठेवतो की," ते हळूच म्हणाले. "कोरडी जागा तेवढीच हाय."

बाहेरून सिंधूबाईचा आवाज आला. "अगं बाई गं! वावरातली माती काढून लेकीच्या डोक्यावर आणून ठिवली व्हय ह्या माणसानं! आन् महिनाभर मला म्हणतोय, तुला काय कळतं!"

"गप ए तू," तात्याबा ओरडले, पण त्यात दम नव्हता. मग सारिकाला म्हणाले, "गोठ्यात टाकतो."

"गोठ्यात ओल हाय. सडतील."

"मग कुठं टाकू?"

"वाटून टाका."

"तुझ्या आईचं बेणं हाय ते, पोरी."

"व्हय. म्हणूनच म्हणते. सडण्यापरीस लोकांच्या रानात जाऊ द्या. मला जगायचंय, आबा."

तात्याबांनी ईश्वरला पोटमाळ्यावर चढायला सांगितलं. गोण्या काढताना धूळ उडणार, म्हणून सारिका पुन्हा गाडीत जाऊन बसली, काचा वर करून. काचेतून तिला सगळं दिसत होतं. ईश्वर वरून गोणी देत होता, तात्याबा पाठीवर घेऊन फाटकाशी नेत होते. नारळ-केळी घेऊन आलेली माणसं कंद घेऊन परत चालली होती. बेण्याचे पैसे इकडं कुणी घेत नाही. आपलं वाढलं की नेलं तेवढं परत करायचं, एवढाच रिवाज. शेवटची गोणी नूरबीनं सुभानच्या डोक्यावर चढवली. गाडीजवळून जाताना तिनं काचेवर बोटानं टकटक केलं आणि मान हलवली.

सारिका तेव्हा रडली. मास्क ओला झाला, म्हणून तिनं तो बदलला.

पुढचे महिने तिनं खोलीत काढले, पण पूर्वीसारखं कुढत नाही. अंगात जराशी कणकण आली की ती भिंतीवर थाप मारून हाक द्यायची. एकदा ईश्वर कंपनीत असताना थर्मामीटरचा आकडा थोडा वर गेला, तशी तिनं स्वतःच फोन करून सुभानला गाडी काढायला लावली. दवाखान्यात निघाली ती साधी सर्दी. "बोलावून चुकलं का माझं?" तिनं शितलला विचारलं. "असं रोज चुका," शितल म्हणाली.

मागचं वावर मात्र तात्याबांनी तसंच ठेवलं. ना गहू, ना कांदा. कुणी विचारलं की खेकसायचे. रोज सकाळी बांधावर बसायचे, वावराकडं पाठ करून.

उन्हाळा सरत आला तेव्हा तपासणीला तात्याबाही बरोबर आले. सारिकाचं तोंड आता तिचं स्वतःचं दिसत होतं. हर्षदा मॅडमनी रिपोर्ट दोनदा पाहिले.

"लघवीतून जाणारं प्रोटीन जवळजवळ थांबलंय. नव्या पेशी आल्यात, आणि त्या शहाण्यासारख्या वागतायत. गोळ्या बंद करूनही आजार गप्प आहे."

"म्हणजे मी बरी झाले का?"

"ते म्हणायची घाई मी करणार नाही. किती काळ गप्प राहील, हे अजून आम्हालाही माहीत नाही. आपण बघत राहायचं. पण आता मास्क आणि हातमोजे घालून थोडं शेतात फिरा."

सारिकानं खुर्ची पुढं ओढली. "मॅडम, मग मोडलेलं वावर परत लावलं तर चालंल?"

"मोडलेलं? कशाला मोडलं?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, आबांना."

"मी?" मॅडमनी चष्मा काढला. "मी म्हटलं होतं, खिडकी बंद ठेवा आणि हिला शेतात जाऊ देऊ नका. उभं पीक मोडायला मी कशाला सांगेन?"

तात्याबा टोपीची घडी नीट करत होते. ती आधीच नीट होती.

घरी परतताना उरुळी कांचन मागं पडलं तरी सारिकाचा राग उतरला नाही. एवढं वावर, आईचं बेणं, आणि सांगितलंच नव्हतं कुणी!

घरी फाटकात नूरबी बसलेली होती. शेजारी एक गोणी, तोंड सुतळीनं बांधलेलं.

"पुरते फुगलेत बघ कंद," ती म्हणाली. "नेलं त्याच्याहून जास्तच हायत. आता लावायचं का न्हाई, तुझं तू ठरव."

सारिका गोणीकडं बघत राहिली. मग घरामागं गेली. तात्याबा आधीच जाऊन बांधावर बसले होते.

"आबा, खोटं का बोललात?"

त्यांनी बांधावरचं एक ढेकूळ उचलून चुरलं.

"त्या दिवशी काचंमागं मी हुतो. तुला ताप फणफणला हुता. हात धड चालंना तुझा. आन् त्या पोरीनं लिही म्हटल्यावर तू काय लिहिलंस?"

सारिकाला आठवलं. तिनं रोज तेच लिहिलं होतं.

"'मला गुलछडी तोडायला जायचंय,'" तात्याबा म्हणाले. "मरणाच्या दारात बसून तू त्येच लिहीत हुतीस. खिडकी बंद केली असती मी. खिळं मारलं असतं. पर पलीकडं ती फुलली असती नव्हं? आन् तू गेली असतीस. एक गोळी खाऊन, कुणाला न सांगता. मी वळखत न्हाई व्हय तुला?"

नाही म्हणावं असं सारिकाला फार वाटलं. तिनं मोकळ्या जमिनीकडं पाहिलं, मग खिडकीकडं.

"व्हय," ती म्हणाली. "गेली असते."

तात्याबांनी कुडत्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि उठून कुदळ घेतली. "मग बोल आता. पहिली सरी कुठनं काढू?"

"खिडकीपासनं."

ती खाली वाकणार तोच ते गरजले, "हातमोजं!" नूरबी गोणी ओढत येत होती, ती खो खो हसायला लागली. सारिका आत जाऊन हातमोजे चढवून आली, तोंडावरचा मास्क वर ओढला आणि गोणीतून एक कंद निवडून घेतला.

"आन् कणकण वाटली तर?" तात्याबांनी विचारलं.

"बोलंन."

"कुणाला?"

"पहिलं तुम्हालाच."

त्यांनी थोडा वेळ तिच्या डोळ्यांत पाहिलं, खरं बोलतेय का ते बघायला. मग कुदळ मातीत घातली, माती बाजूला ओढली आणि म्हणाले,

"ठेव."